पिवळी पट्टी

३ जानेवारी, शुक्रवार

पिवळी! माझी पट्टी पिवळी!

सकाळी ड्यूटीवर गेले तर मेट्रन मॅडमच्या केबिनबाहेर ही गर्दी. नवे बॅज आलेत म्हणे. मला आनंदच झाला, कारण जुन्या बॅजवरचा फोटो लग्नाआधीचा, पेशंट एकदा माझ्याकडे आणि एकदा फोटोकडे बघतात. हातात घेतला तर नावाखाली ही पट्टी. बी.एस्सी. नर्सिंग बेसिक – निळी. पोस्ट बेसिक बी.एस्सी. नर्सिंग – पिवळी. जी.एन.एम. डिप्लोमा – पांढरी. एच.आर.चे पीयूषभाई लग्नात अक्षता वाटाव्यात तसे हसतमुखाने बॅज वाटत होते. मी विचारलं, हे रंग कशाला? म्हणाले, "क्लॅरिटी माटे, बेन."

कसली डोंबलाची क्लॅरिटी! पेशंट काय पट्टीचा रंग बघून हात पुढे करणार?

आणि खरी गोम नोटीस बोर्डावर. आमच्या आय.सी.यू.च्या इन्चार्ज सिस्टर महिनाअखेर आयर्लंडला चालल्यात. त्यांच्या जागेसाठी अर्ज मागवलेत – 'फक्त बी.एस्सी. नर्सिंग बेसिक'. फक्त! मी अकरा वर्षं त्या आय.सी.यू.त काढली. दोन दिवाळ्या सोडल्या तर सगळ्या तिथेच. इन्चार्ज रजेवर गेल्या की आख्खा विभाग माझ्यावर टाकून जायच्या, तेव्हा नाही कुणी पट्टी बघितली.

ती जागा माझी आहे. लिहूनच ठेवते – माझी आहे.

४ जानेवारी, शनिवार

बॅज उलटा लावून गेले. मेट्रन मॅडमने सर्वांसमोर सरळ करायला लावला.

५ जानेवारी, रविवार

जुन्या बडोद्यात, दांडिया बाजारात बाबांकडे जेवायला. तिकडे गेलं की आधी रडगाणं नको असं ठरवलं होतं, पण पहिल्या घासालाच तोंडून निघालं. बाबा वाटीतली आमटी ढवळत ऐकत राहिले, मग म्हणाले, "पण स्नेहल, बेसिक म्हणजे पायाचं ना? आणि पोस्ट बेसिक म्हणजे पायाच्या वरचं. मग तू वरची झालीस की!"

काय बोलू! जगातल्या कुठल्याही शहाण्या माणसाला असंच वाटेल. पण आमच्यात सगळं उलटं. बारावीनंतर थेट चार वर्षं कॉलेज केलं की ते बेसिक. आणि माझ्यासारखीने आधी जी.एन.एम.चा डिप्लोमा केला, रीतसर नर्स झाली, नोकरी केली, मग पुन्हा दोन वर्षं कॉलेजात जाऊन बसली – ते पोस्ट बेसिक. शेवटी दोघींच्या हातात बी.एस्सी.च. पुढे एम.एस्सी. करायची तर दोघींना दार एकच. पण लोकांच्या डोक्यात आम्ही भिंतीवरून उडी मारून आलेल्या.

बाबांना हे सांगितलं तर त्यांची गाडी थेट गायकवाडी फौजेत. "आपले पणजोबा शिलेदार. स्वतःचा घोडा, स्वतःची तलवार. बारगीर वेगळे, त्यांना घोडा सरकारातून मिळायचा. लढाईत दोघे एकाच रांगेत, पण पणजोबा बारगिराच्या पंगतीला कधी बसले नाहीत!" हे सांगताना बाबा ताठ बसले होते, जणू घोडा खाली अंगणात बांधलाय. शेवटी म्हणाले, "तू अर्ज कर. आपण कुणापुढे मान खाली घालणारे नाही."

तरसालीला घरी परत येईपर्यंत स्कूटीवर अंगात नुसतं वारं भरलं होतं. करणार अर्ज. बघतेच कोण नाही म्हणतं ते.

७ जानेवारी, मंगळवार

कँटीनमध्ये श्रद्धा भेटली. तिची पट्टी पांढरी. जी.एन.एम.ला आम्ही एका बॅचच्या, हॉस्टेलला एका खोलीत, एकाच बादलीत दोघींचे गणवेश भिजायचे. पोस्ट बेसिकचा फॉर्मही दोघींनी एकदमच आणला होता. तिच्या सासऱ्यांना पॅरालिसिस झाला आणि तिचं राहिलं ते राहिलंच. पण फीमेल वॉर्डची इन्चार्ज आहे आज. कडक! नव्या मुली तिला टरकतात. एक डॉक्टर तर वॉर्डात शिरताना मोबाईल खिशात घालतो. सासू आख्ख्या सोसायटीत सांगते, आमची श्रद्धा इन्चार्ज आहे, घरी आली तरी आवाज तोच.

मी तिला सगळं सांगितलं. ती आधी हसली, "अगं पिवळा रंग तुला शोभतो ने!" मी चिडले तशी गंभीर झाली. "तू एकटी जाऊ नकोस. पोस्ट बेसिकवाल्या किती आहेत आपल्याकडे? सगळ्यांना घेऊन जा. मोठ्या साहेबांकडे थेट. पीयूषभाईकडे जाऊन कपाळ फोडून घेण्यात अर्थ नाही."

तिला असं डोकं चालवताना बघून बरं वाटलं. माझ्या बाजूने कुणीतरी आहे.

९ जानेवारी, गुरुवार

तरी आधी पीयूषभाईकडे गेलेच. माझा स्वभाव! श्रद्धाचं ऐकायला हवं होतं.

त्याने अर्ज हातात घेतला, वाचला नाही. "बेन, तमारुं तो ब्रिज कोर्स जेवुं ने?"

ब्रिज! माझी डिग्री म्हणे ब्रिज कोर्ससारखी! मी म्हटलं, पीयूषभाई, हा पूल कुठून कुठे जातो ते तरी माहितीये का तुम्हाला? आधीचा डिप्लोमा आणि वरची डिग्री धरली तर मी प्राचीपेक्षा जास्त वर्षं नर्सिंग शिकलेय. तो म्हणाला, "आय अंडरस्टँड." ही या लोकांची नवी तऱ्हा. पूर्वी रागावून हाकलायचे, आता समजून घेऊन हाकलतात.

प्राची म्हणजे आमच्याच आय.सी.यू.तली. बेसिक बी.एस्सी., निळी पट्टी. आली तेव्हा पेशंटच्या घशातला कफ सक्शनने ओढायला घाबरायची, मी मागे उभी राहायचे. आता तिचा एकटीचाच अर्ज गेलाय. मुलगी वाईट नाही. पण मला तिचं तोंड बघवत नाही सध्या, काय करू!

११ जानेवारी, शनिवार

घरात भांडण.

कुणाल जेवताना म्हणाला, "सोड ना स्नेहल. आमच्या प्लांटमध्ये वीस वर्षं हेच बघतोय. डिग्री इंजिनिअर काल आला तरी वर बसतो, आम्ही डिप्लोमावाले खालीच. सवय होते."

मी म्हटलं, "तुझं वेगळं. तुझा डिप्लोमा आहे. माझी डिग्री आहे."

त्याने ताट उचललं, घासून ठेवलं आणि वर गच्चीवर पतंगांना कन्नी बांधायला गेला. चिडलाय. चिडू दे. मी काय खोटं बोलले? त्याला सवय झाली म्हणून मीही करून घ्यायची का?

१४ जानेवारी, मंगळवार – उत्तरायण

सकाळपासून गच्च्यागच्च्यांवर स्पीकर आणि "काप्यो छे!"ची बोंब. आख्खं बडोदं आभाळात आणि आम्ही कॅज्युअल्टीत. मांजाने कापलेली बोटं, गाल, एकाचा कान, एक काका गच्चीवरून थेट खालच्या पत्र्यावर. माणसं कमी पडली म्हणून आय.सी.यू.तून मला आणि प्राचीला खाली बोलावलं.

एक आजोबा आले, अंगठ्यापासून मनगटापर्यंत उघडं. मी दाब देऊन धरलं, हात उंच केला, सलाइन लावायला घेतलं. त्यांच्या मुलाची नजर माझ्या छातीवरच्या बॅजवर. "बेन, आ पीळो पट्टो एटले ट्रेनी?" मी म्हटलं, नाही. तर म्हणतो, "कोई सिनियर बेनने बोलावो ने." आणि प्राचीकडे बोट! प्राचीकडे! तिची निळी पट्टी लांबूनच लकाकत होती.

प्राची आली. बिचारी ओशाळली. म्हणाली, "अंकल, आ मारा सिनियर छे." मुलगा काही ऐकेना. मग मी हात सोडला आणि तिने धरला. काम महत्त्वाचं, रक्त थांबायला हवं होतं. पण असा अपमान माझा आईने मारलेल्या थपडेनेही झाला नव्हता. बाथरूममध्ये जाऊन रडले. अगदी हमसून. मग तोंड धुऊन पुढच्या पेशंटकडे.

घरी आले तर कुणालने उंधियू आणि जिलेबी झाकून ठेवली होती. बोलला मात्र नाही.

१५ जानेवारी, बुधवार

आजही पतंग. आजही अबोला.

१६ जानेवारी, गुरुवार

प्राचीशी वाजलं. मीच सुरुवात केली. म्हटलं, अर्ज करताना एकदा तरी वाटलं का, की स्नेहलदीदी इथे अकरा वर्षं आहे? ती गप्प राहील असं वाटलं होतं. नाही राहिली.

"दीदी, बारावीला मी जीव तोडून अभ्यास केला म्हणून मला बेसिकला सीट मिळाली. तुम्हाला त्या वेळी नाही मिळाली. त्यात माझी काय चूक? मी पट्ट्या छापल्या नाहीत."

खरं आहे, नाही छापल्या. आणि मला बारावीला कमी पडले हेही खरं. पण सतराव्या वर्षी केमिस्ट्रीत कमी पडलेले मार्क माणसाच्या गळ्यात चाळिशीपर्यंत बांधून ठेवायचे? किती वर्षं? मरताना चितेवरही पिवळी पट्टी ठेवा माझ्या!



१७ जानेवारी, शुक्रवार

झाली मीटिंग! आल्या आल्या लिहायला बसले.

आम्ही पोस्ट बेसिकवाल्या सगळ्या गेलो. श्रद्धाही आली, तिचा काही संबंध नसताना, नाइट करून, न झोपता. "मागे बसते, तुला धीर येईल," म्हणाली. मोठे साहेब, मेट्रन मॅडम, पीयूषभाई समोर. आधी दुसऱ्या दोघी बोलल्या, पण विनवणीच्या सुरात – सर, प्लीज, रिक्वेस्ट. साहेब मोबाईल बघत होते. माझं डोकं सरकलं. उभी राहिले. अर्धं हिंदी, अर्धं गुजराती, मधे मराठी, सगळी खिचडी, पण बोलले!

म्हटलं, साहेब, आमच्या हातात युनिव्हर्सिटीची डिग्री आहे. प्राचीच्या हातात आहे तीच. डिग्रीला डिग्रीसारखं वागवा. तुम्हाला रेघ मारायची असेल तर डिग्री आणि डिप्लोमा यांच्या मधे मारा, आमच्या मधे कशाला? आम्ही काय नुसत्या डिप्लोमावाल्या आहोत?

टेबलावर हातही आपटला बहुतेक. साहेबांनी मोबाईल पालथा ठेवला. पीयूषभाईकडे वळून म्हणाले, "पॉइंट तो साचो छे." आमच्या सगळ्या मुलींनी टाळ्या वाजवल्या! साहेबांच्या केबिनमध्ये टाळ्या! मेट्रन मॅडमसुद्धा हसू दाबत होत्या.

बाहेर येऊन बघते तर श्रद्धा नव्हती. झोप आली असेल बिचारीला. नाइट करून आली होती ना.

बाबांना फोन केला. म्हणाले, "शाब्बास शिलेदार!"

१८ जानेवारी, शनिवार

श्रद्धाला दोनदा फोन. उचलला नाही. रात्रपाळीनंतर ती कुंभकर्ण होते.

२० जानेवारी, सोमवार

काही कळत नाही. पीयूषभाई कॉरिडॉरमध्ये भेटले, "प्रोसेसमां छे." प्रोसेस! यांच्या प्रोसेसमध्ये माणूस शिजून पिठलं होईल.

श्रद्धाच्या वॉर्डात डोकावले. ती औषधांची ट्रॉली तपासत होती. म्हटलं, चल, सेव-उसळ खाऊन येऊ, माझ्याकडून. म्हणाली, "आज नाही जमणार, स्टाफ कमी आहे." स्टाफ कमी आहे हे तर रोजचंच. पण तिचा वॉर्ड म्हणजे तिला स्वतःच्या स्वयंपाकघरासारखा, दुसऱ्याने भांडं हलवलेलं खपत नाही. म्हटलं, बरं, उद्या.

कुणाल आज आपणहून बोलला – गॅस संपत आलाय. मी लगेच नोंदवला. सलोख्याच्या दिशेने एक पाऊल समजू.

२३ जानेवारी, गुरुवार

जिंकलो!!!

दुपारी सर्क्युलर लागलं. पिवळी पट्टी रद्द! पोस्ट बेसिकलाही निळी! आणि खाली – सर्व इन्चार्ज पदांसाठी पात्रता बी.एस्सी. नर्सिंग, बेसिक किंवा पोस्ट बेसिक. 'किंवा'! एवढाच शब्द हवा होता मला. मुली नोटीस बोर्डासमोर उभ्या राहून फोटो काढत होत्या. मी सगळ्यांना पेढे वाटले. प्राचीलाही दिला. तिने घेतला, म्हणाली, "काँग्रॅच्युलेशन्स, दीदी." मनापासून म्हणाली असं वाटलं. मलाही तिच्याविषयी तेवढा राग उरलेला नाही आता. आता मुलाखत होईल, बरोबरीने होईल, मग जिला मिळेल तिला मिळेल. (मलाच मिळेल.)

फीमेल वॉर्डातही पेढे घेऊन गेले होते. श्रद्धाची साप्ताहिक सुट्टी. तिचा पेढा ड्रॉवरमध्ये ठेवून आले.

रात्री कुणालला सर्क्युलरचा फोटो दाखवला. त्याने चष्मा लावून सगळं वाचलं, दोनदा वाचलं. म्हणाला, "सर्व इन्चार्ज पदांसाठी. सर्व म्हणजे सर्व का?" मी म्हटलं, हो, सगळी दारं उघडली! त्याने चष्मा काढून ठेवला. मग म्हणाला, "अभिनंदन." आणि झोपायला गेला. या माणसाला कुणाचा आनंद म्हणून बघवत नाही. एवढी लढले, एवढी जिंकले, आणि घरात हे सुतक!

२५ जानेवारी, शनिवार

मुलाखत झाली. छान झाली. एकही उत्तर अडलं नाही. साहेब म्हणाले, "स्नेहलबेन, तुमच्यासारखा आवाज पाहिजे इन्चार्जला." सोमवारी ऑर्डर.

पांढरी साडी काढून ठेवलीय. नाही, इन्चार्जला आता कोट असतो. साडी परत ठेवली. वेडी झालेय आनंदाने.

२७ जानेवारी, सोमवार

ऑर्डर आली. आय.सी.यू. प्राचीला. मला फीमेल वॉर्ड.

मी म्हटलं, तिथे तर श्रद्धा आहे. पीयूषभाई म्हणाले, "एमनो तो डिप्लोमा छे ने. तमेज कह्युं हतुं, बेन, लाइन क्यां दोरवी." रेघ कुठे मारायची, ते मीच सांगितलं होतं.

वॉर्डात गेले. श्रद्धा उभी होती. पहिल्या बेडपासून शेवटच्या बेडपर्यंत एकेका पेशंटचा ओव्हर दिला – ताप, औषध, कोणाला काय लागतं, रात्री कोण घाबरतं. सगळं, एकही न गाळता. माझ्याकडे न बघता.

मग विचारलं, "अजून काही, मॅडम?"

श्रद्धाने. मला.